तातेरावांची न दुखलेली कंबर

पाळीच्या दुखण्यातलं वारंगा फाट्यावरच्या कोणत्याही बाईपेक्षा आपल्याला जास्त कळतं, याबद्दल भागवतच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त हे ज्ञान त्यानं आजवर फाट्यावर कुणाला ऐकवलं नव्हतं. ऐकवायचं म्हणजे तो शब्द तोंडातून काढावा लागणार! ट्रकवाल्यांशी भांडताना भागवतच्या तोंडून काय काय निघायचं ते विचारू नका, पण हा शब्द? छे! घरात तो त्याला 'ते' म्हणायचा. फारच मोकळेपणा आला तर 'तब्येत'.

भागवतचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. घर दुकानाच्या मागं, हाकेच्या अंतरावर. घरात वडील तातेराव, आई सखुबाई आणि बायको पुनम. आता पंक्चरच्या दुकानात माणूस काय करतो? टायर फुटायची वाट बघतो, आणि वाट बघता बघता मोबाईल बघतो. तसं बघता बघता एक दिवस हे ज्ञान त्याच्या हाती लागलं. गर्भाशय म्हणजे एक पिशवी. ती महिन्यातून एकदा स्वतःला आवळते, आतलं अस्तर बाहेर ढकलते, म्हणून पोटात, कंबरेत, मांड्यांत कळा येतात. शेक दिला की आवळलेलं सैल पडतं. भागवत हरखूनच गेला! त्याच संध्याकाळी त्यानं पुनमला समोर बसवलं. म्हणजे ती भाकरी थापत होती, हा जाऊन समोर बसला.

"गंजलेला नट असतोय का न्हाई? पान्यानं कितीबी जोर लाव, हलत न्हाई. जरा गरम केला की सैल पडतो. तुज्या पोटाचं बराबर तसंच हाय!"

"व्हय का," पुनम म्हणाली. ते पोट तिच्याजवळ जन्मापासून होतं आणि दुखत होतं तेराव्या वर्षापासून. "मंग जरा तवा उतरवता का? आजच दुखून राहिलं."

"आदी पुरतं ऐकून तर घे!"

पाऊण तास त्यानं समजावलं. तवा पुनमनंच उतरवला.

या माणसानं त्याआधीही एक मोठी सुधारणा केलेली होती बरं का! त्या घरात बाई चार दिवस बाजूला बसायची. ओसरीत चटई, वेगळा तांब्या, कशाला शिवायचं नाही. लग्न झाल्या झाल्या भागवतनं जाहीर केलं, "हे आजपास्न बंद! आमच्या घरात बाई कशालाबी शिवल!" पुनमला नवऱ्याचा अभिमान वाटला. तो पुढच्या महिन्यापर्यंत टिकला. कारण शिवता येतं म्हटल्यावर सगळ्याला शिवावंच लागायला लागलं. भांडी, धुणं, म्हशीचं शेण, झालंच तर तातेरावांचा दिवसातून पाच वेळचा चहा! सखुबाई एकदा चुलीपाशी सुनेच्या कानात म्हणाल्या, "आमच्या टायमाला चटई तरी होती गं." बाजूला बसवणं वाईटच, त्यात वाद नाही. पण ते गेल्यावर त्या चार दिवसांत बाईच्या हातातलं काम कुणी घ्यायचं, हे सुधारणेत सांगायचं राहून गेलं होतं.

तर त्या बुधवारी सकाळी पुनमची पाळी आली आणि कळा अशा सुरू झाल्या की तिला सरळ उभं राहवेना. आरोग्य केंद्राच्या आशाताई सरितानं तिला सगळं नीट सांगून ठेवलेलं होतं. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही, खाऊन घ्यायची. ओटीपोट शेकायचं. बरं वाटलं की जरा चालायचं. आणि महिन्या-महिन्याला दुखणं वाढतच चाललं तर अंगावर काढायचं नाही, दवाखाना गाठायचा. पुनमनं अर्धी भाकरी खाल्ली, गोळी घेतली, आणि माहेराहून आणलेली लाल रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून पोटावर घेतली. पाच मिनिटांत साडी भिजली. पिशवी तोंडापाशी चिरली होती.

"मेडिकलातून नवी आणता का?" ती भिंतीला टेकून म्हणाली. "तेवढा शेक भेटला की दोन घंटे पडते. मंग उठून करते सगळं."

दोन तास! बाईनं एवढंच मागितलं होतं.

मेडिकल भागवतच्या दुकानापासून तिसरं. पण मेडिकलवाल्या रणजीतला खोकल्याचं औषध मागितलं तरी तो 'कुणाला?' म्हणून विचारायचा. पिशवी मागितली तर विचारल्याशिवाय राहील? भागवतच्या कानाच्या पाळ्या नुसत्या विचारानंच तापल्या. पण बायकोपुढं तो छाती काढून म्हणाला, "नवी काहून? अठरा चाकी गाडीच्या ट्यूबा जोडतो मी! ही बोटभर चीर! अर्ध्या घंट्यात आणतो का न्हाई बघ!"

आणि पिशवी शर्टाच्या आत लपवून तो दुकानात आला.

काम तसं सोपं होतं. पण भागवतच्या हाताला एक सवय होती. ट्यूब असो नाहीतर उशी, आधी हवा भरायची, मग पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघायचे. त्यानं कॉम्प्रेसरचा पाइप पिशवीच्या तोंडात घातला, मूठ आवळली आणि खटका दाबला. पिशवी टम्म फुगली! लाल भडक, अंगावर रेघा, कलिंगडाएवढी! समोरच्या हॉटेलातली माणसं हातात कप घेऊन उठली. फाट्यावर करमणूक तशी कमीच.

त्यात होते किशनराव. तातेरावांचे जुने दोस्त. डोंगरकड्याची जीप भरायची वाट बघत बसलेले.

"हे काय रे भागवत?"

"शेकायची पिशवी हाय काका."

"कुणाला शेकायचं?"

बघा, इथं एक शब्द बोलला असता तर ही कथा इथंच संपली असती. भागवतनं तोंड उघडलं. समोर सात माणसं, दोन ड्रायव्हर, एक क्लीनर. त्यानं तोंड मिटलं. परत उघडलं.

"बाबाला! कंबर धरली त्यांची."

"तातेरावची? परवा तर पोतं उचलून राहिला होता!"

"म्हणूनच धरली ना!" भागवत म्हणाला, आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर इतका खूश झाला की चिरेला घासकागद मारताना शीळच घालू लागला. सोल्युशन लावलं, पॅच ठेवला, प्रेस आवळली. एक सांगतो, ठिगळ त्यानं फक्कड लावलं. एक थेंब गळेना! माणूस कामाला पक्का होता.

इकडे किशनरावांनी जीपमध्ये बसल्या बसल्या पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर टाकलं, 'तातेरावची कंबर धरली. पोरगा शेकून राहिला.' डोंगरकडा येईपर्यंत कंबर 'गेली' होती. कळमनुरीत ती 'मोडली'. आणि सिद्धेश्वर धरणापाशी दिलेल्या तातेरावांच्या बहिणीला, कमलबाईंना, कळलं ते असं, की दादा ट्रॉलीवरून पडला आणि बोलत न्हाई!

कमलबाईंचा फोन आला तेव्हा भागवत प्रेस सोडवत होता. "भागवत, धीर धर रे लेकरा! मी येऊन राहिले! संगं भीमसिंगकाकाला आणते, त्यांनी लई जणांची हाडं बसवली!"

"आत्या, अगं तसं काई—"

फोन कट! त्याच्या पाठोपाठ सोळा मेसेज. डोंगरकड्याहून चौघं निघाले. कळमनुरीहून व्याही निघाले. किशनरावही आल्या जीपनं परत फिरले, त्यांना तर राहवेचना. भागवतनं दुकानाचं शटर ओढलं आणि घराकडं पळत सुटला.

तातेराव अंगणात म्हशीचा खुंटा ठोकत होते. दणादण.

"बाबा, ते ठेवा आन बाजंवर पडा! तुमची कंबर धरली!"

"माझी? कवा?"

"सकाळी!"

"मला काय धाड भरली रे? काहून धरल माझी कंबर?"

"फाट्यावर सांगून बसलो. लोकं भेटाया येऊन राहिले."

"आन असं काहून सांगितलं?"

भागवतनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "ते पुनमची... तब्येत... म्हणून पिशवी..."

तातेरावांना कळलं. चार मुलींचे बाप होते ते, न कळायला काय झालं! त्यांनी नजर एकदम म्हशीकडं वळवली आणि तिची शिंगं मोजावीत तसे तिच्याकडं बघत राहिले. मग हातोडा खाली ठेवला, बाजेवर गेले, आडवे झाले आणि कण्हायला लागले. बापलेकांना एका साध्या गोष्टीचं नाव घेण्यापेक्षा कंबर मोडून घेणं सोपं वाटलं. काय म्हणावं!

भागवत आत गेला. "ही घे, नव्यावानी करून आणली!" पुनमच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली, पोटाशी धरली आणि टेकणार, तोच बाहेरून आवाज आला, "तातेराव! काय करून घेतलं रे हे?"

आजाऱ्याला भेटायला माणसं आली की दोन गोष्टी होतात. बिस्किटाचे पुडे येतात आणि चहा टाकावा लागतो. पुडे आजाऱ्याच्या उशाशी जातात आणि चहा सुनेच्या वाट्याला येतो. पुनमनं एका हातानं पोट धरलं आणि दुसऱ्या हातानं पातेलं चढवलं.

तेवढ्यात किशनरावांनी बाहेरून हाक मारली, "भागवत, पिशवी कुटं हाय? मी माझ्या डोळ्यानं जोडताना पाहिली! बापाला शेकून राहिला का न्हाई?"

भागवत आत आला. पुनमनं त्याच्याकडं पाहिलं. भागवतनं जमिनीकडं पाहिलं.

"फक्त दहा मिन्टं," तो म्हणाला. "लोकायला दाखवतो आन आणतो."

पिशवी बाहेर गेली. मागोमाग सखुबाईंनी सुनेसाठी उकळलेलं ओव्याचं पाणी गेलं, कारण कुणीतरी 'ओवा दिला का?' विचारलं. सुंठ-गुळाची गोळी गेली. पुनमसाठी काढलेली गोधडीसुद्धा गेली. पाळीच्या दुखण्यावर जे जे म्हणून घरात करता येतं, ते सगळं त्या दिवशी तातेरावांवर झालं! आणि सांगायला हरकत नाही, त्यांना ते मानवलं. पाठीला ऊब, तोंडात सुंठ-गूळ, उशाशी क्रीमची बिस्किटं. कण्हता कण्हता त्यांना आवडीनिवडी फुटल्या. "जरा खाली सरकव पिशवी... हां... पाणी निवलं वाटतं, बदल. आन सुनबाईला म्हणावं, चहात आलं टाक."

दहा मिनिटांचे तीन तास झाले. बारा माणसं जमली. चहाची पाच आधणं झाली. प्रत्येक आधणाला पुनम ओट्याला धरून उभी राहायची, कळ आली की डोळे मिटायची, कळ गेली की साखर टाकायची. भागवत मधून मधून आत येऊन विचारायचा, "लई दुखून राहिलं का?" आणि उत्तर यायच्या आत कप घेऊन बाहेर जायचा.

दुपारी कमलबाई आल्या. रडत आल्या, फाटकापासूनच! सोबत डझनभर केळी आणि भीमसिंगकाका. हा धिप्पाड म्हातारा. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, तातेरावांना पालथं घातलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

"शीर चढली," ते म्हणाले.

"न्हाई न्हाई, आता बरं हाय मला!" तातेराव घाबरून म्हणाले. "शेकून लई आराम पडला! भागवत, सांग की काकाला!"

भागवत काय सांगणार? खरं सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागणार. तो म्हणाला, "काका, जरा हळू."

पालथं घालताना पिशवी बाजूला पडली होती. सखुबाई सकाळपासून त्या पिशवीवर डोळा ठेवून होत्या. त्यांनी ती पदराखाली घातली, आत नेली, गरम पाण्यानं भरली आणि पुनमच्या हातातली गाळणी काढून घेतली.

"जा, कणगीमागं पड. मी बघते."

पुनम पडली. गुडघे पोटाशी घेतले, पिशवी ओटीपोटावर धरली. अंगणात भीमसिंगकाका बराच वेळ पाठ चोळत होते, तोवर तिचा डोळा लागला. मग त्यांनी तातेरावांच्या कंबरेत गुडघा रोवला, दोन्ही खांदे धरले आणि मागं खेचले.

कट्ट!

तातेराव असे ओरडले की फाट्यावरची कुत्री भुंकायला लागली. हे ओरडणं खरं होतं. सकाळपासूनच्या कण्हण्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक होता, हे फक्त दोघांनाच कळलं. एक तातेराव, दुसरा भागवत.

"बसली!" भीमसिंगकाका म्हणाले.

"मेलो! मेलो रे! पिशवी आणा!"

"पिशवी आणा! पिशवी कुटं गेली?" चौदा जणांनी कल्ला केला. भागवत आत धावला.

कणगीमागं पुनम झोपली होती. आवळलेल्या मुठी सुटल्या होत्या, कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, श्वास लांब चालला होता. हातातली बांगडी पिशवीवर टेकलेली. भागवत बघतच राहिला. मोबाईलवर एवढं पाहिलं, एवढं समजावून सांगितलं, पण दुखणं गेल्यावर हिचा चेहरा असा दिसतो हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे एरवी सगळा वेळ हिला दुखत असतं की काय? त्याला स्वतःची लाज वाटली. चांगलीच वाटली.

तरी तोंडातून निघालं ते असं, "पुनम... बाबाची कंबर... खरंच धरली आता... पिशवी..."

पुनमनं डोळे उघडले. भांडली नाही, रागावली नाही. पिशवी उचलून पुढं केली. "न्या."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भागवतचा हात पुढं गेला आणि तिथंच थांबला.

"ठेव ती!" मागून सखुबाई कडाडल्या. त्यांच्या हातात चिमट्यात धरलेली वीट होती, चुलीतून काढलेली, वाफाळती. ती त्यांनी जाड फडक्यात गुंडाळली आणि तरातरा अंगणात गेल्या.

"घ्या. ह्यानं शेका."

"वीट?" तातेराव कळवळले. "मला वीट? पिशवी काहून न्हाई?"

"चाळीस वर्सं मी ह्याच्यानंच शेकलं. महिन्याच्या महिन्याला, दाराआड. मला भाजलं न्हाई, तुमाला भाजत न्हाई."

तातेराव कण्हायचे थांबले. "तू वीट घेऊन बसायची ते... मला वाटायचं थंडी वाजून राहिली तुला."

"वैशाखात?"

 तातेरावांनी वीट कंबरेखाली घेतली.

"अगं पन वैनी," कमलबाईंनी डोळे पुसत विचारलं, "पिशवी मंग कुणाला हाय?"

सगळ्यांनी सखुबाईंकडं पाहिलं. सखुबाईंनी भागवतकडं पाहिलं. भागवत दारात उभा. समोर चौदा माणसं, त्यात व्याही आणि किशनराव, शिवाय वडील. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण मघाशी पुढं आलेला पुनमचा हात आणि ते 'न्या' त्याच्या डोक्यातून जाईना.

"पुनमला!" तो एकदम ओरडलाच. "पाळी आली तिची! सकाळपास्न पोट दुखून राहिलं! पिशवी तिचीच हाय, ओवाबी तिचाच होता! बाबाची कंबर चांगली होती, मी खोटं बोललो!"

 व्याह्यांनी बिस्किट तोंडात तसंच धरून ठेवलं.

"मला आदी सांगितलं असतं," भीमसिंगकाका पडेल आवाजात म्हणाले, "तर मी हातच लावला नसता."

मग कमलबाईंनी हातातल्या कपाकडं पाहिलं. "म्हणजे हा चहा सकाळपास्न कोण करून राहिलं?"

"पुनम."

कमलबाईंनी कप खाली ठेवला. शेजारच्या दोघी बायकांनीही ठेवला. पुरुषमंडळींना वाटलं आपणही ठेवावा, पण त्यांचे पिऊन झाले होते.

"आन आता ह्या तातेरावला पुना चहा कोण करून देनार?" किशनराव म्हणाले. "तोंड बघा त्याचं, कसं पांढरं पडलं!"

"मी करतो!" भागवत म्हणाला. "अठरा चाकी गाडी जॅकवर चढवतो मी, चहाचं काय एवढं!"

तो आत गेला. बराच वेळ भांडी वाजली. एकदा काहीतरी उतू गेल्याचा वास आला, एकदा काहीतरी फुटलं. कणगीमागून आवाज मात्र आला नाही. अखेर तो चौदा कप घेऊन बाहेर आला, घामाघूम, भुवईला चहापत्ती लागलेली.

किशनरावांनी पहिला घोट घेतला. थांबले. कपात पाहिलं.

"साखर?"

"सापडली न्हाई."

"पुनमला विचारायचं की."

"झोपली ती काका. न्हाई उठवत."

किशनरावांनी मान डोलावली. मोठ्या कष्टानं आणखी एक घोट गिळला आणि कप हळूच बाजेच्या पायापाशी सरकवला.

"पाळीचं चारचौघात सांगितलंस ते लई बरं केलंस, भागवत," ते म्हणाले. "पन लेका, चहा करता येत न्हाई हे पन तसंच मोकळ्या मनानं सांगायचं होतं!"